फळ्याकडे वळल्यावर

शिवयोगी हत्तुरे सरांना कॉलेजात अकरा वर्षं झाली, पण खुर्ची नव्हती. म्हणजे स्टाफरूममध्ये खुर्च्या होत्या, चांगल्या अठरा होत्या. पण प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची होती. पाठीवर टॉवेल टाकलेली कॉमर्सच्या सरांची, उशी ठेवलेली हिंदीच्या बाईंची. "बसा की सर, बसा की," असं सगळेच म्हणायचे, आणि सर बसले की पाच मिनिटांत खुर्चीचा धनी दारात येऊन उभा राहायचा. तोही "बसा बसा" म्हणायचा, पण दारातून हलायचा नाही. असं चार-दोनदा झाल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? सरांनी आपली पिशवी ग्रंथालयाच्या जिन्याखाली ठेवायला सुरुवात केली आणि दोन तासांमधला वेळ सायकल स्टँडच्या कट्ट्यावर काढायला.

सर तासिका तत्त्वावर होते. तास सुरू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा झाली की पाहुणा. दर जुलैत नवी नेमणूक, मार्च-एप्रिलात ती संपली, की पुन्हा जुलैची वाट. मुलाखत सात मिनिटांची. "सेट आहे ना? पीएच.डी. कुठवर आली? बरं, या." शिकवता कसं, हे अकरा वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. सकाळी सोलापुरात भूगोलाचे तीन तास, साडेअकराला सुटका, सव्वाबाराची बार्शी एसटी, तिथल्या कॉलेजात दुपारचे दोन तास, आणि दिवे लागायच्या सुमाराला भवानी पेठेतल्या आपल्या एका खोलीत परत. दोन कॉलेजांत मिळून त्यांना ओळखणारी माणसं पुष्कळ, पण बोलणारं असं कुणी नाही. लग्नाची स्थळं यायची तेव्हा मुलीचा बाप पहिल्यांदा विचारायचा, "पर्मनंट हाय का?" आणि चहाला हात न लावता उठायचा. आता सर बेचाळिसाचे झाले होते, आणि विचारायलाही कुणी येत नव्हतं.

खुर्चीचं सरांना फारसं काही वाटत नसे. त्यांना लागून राहिलेली गोष्ट वेगळीच होती. मी बरा शिकवतो का, एवढं त्यांना एकदा कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तेही आपल्याच धंद्यातल्या माणसानं. मुलं "सर, भारी" म्हणायची. पण मुलं कँटीनच्या वड्यालाही भारीच म्हणतात. आचाऱ्याचा स्वयंपाक चार माणसं चाखतात, गवंड्याची भिंत येणारा-जाणारा बघतो. मास्तराचं काम बंद दाराआड चालतं, आणि त्या दारातून दुसरा मास्तर कधी आत येत नाही. अंथरुणावर पडलं की सरांना हाच प्रश्न पडायचा, आणि त्या खोलीत उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून दिवाळीनंतर जेव्हा नोटीस लागली, तेव्हा सरांनी ती उभ्या उभ्या तीनदा वाचली. 'तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा अध्यापन-अध्ययन संशोधनात सहभाग', असं प्रकल्पाचं लांबलचक नाव. समन्वयक, डॉ. देवदत्त वळसंगकर. शनिवारी सभागृहात बैठक, उपस्थिती आवश्यक.

सभागृहात प्रत्येकाच्या जागेवर नावाचं कार्ड ठेवलं होतं. 'प्रा. शि. म. हत्तुरे, संशोधक'. सर त्या जागेवर बसले आणि त्यांनी मागं वळून बघितलं, कुणी दारात उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं. उपमा आला, चहा आला, तोही दुसऱ्यांदा विचारून. आयुष्यात फार काही मिळालेलं नसलं की माणूस उपम्यानंही पाघळतो, त्याला इलाज नाही.

वळसंगकर सर माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तुम्ही त्यांना शिव्या घालाल. गोरा, हसरा, कायम घाईत असलेला, एका हातात फायली आणि दुसऱ्या हातात फोन. त्या दिवशी मात्र ते मनापासून बोलले. "आपल्या कॉलेजातले निम्म्याहून जास्त तास कोण घेतं? तुम्ही घेता. आणि शिकवण्यावर संशोधन कोण करतं? आम्ही! हे उलटं झालंय की नाही? आता तुम्ही करायचं. काम साधं आहे. एकानं दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, पूर्ण पन्नास मिनिटं. काय दिसलं ते फॉर्मवर लिहायचं, आणि मग दोघांनी चहा घेत बोलायचं. कागद रंगवायसाठी हे नाही हां. खरंच बसायचं, खरंच बघायचं."

मग त्यांनी फळ्यावर जोड्या लिहिल्या. कोण कुणाच्या तासाला बसणार ते. हत्तुरे सरांच्या नावापुढं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. "तुमचा तास मी स्वतः बघणार, हत्तुरे सर. मुलं फार नाव काढतात तुमचं." आणि हत्तुरे सरांनी बघायचा होता तो गोदावरी वाघमोडे मॅडमचा तास.

वाघमोडे मॅडम अर्थशास्त्राच्या. माळशिरसकडच्या, इथं मावशीकडं राहणाऱ्या, चौतिशीच्या. त्याही तासिकेवरच. सकाळी होटगी रोडच्या एका शाळेत, दुपारी बारापासून इथं. सर पावणेबाराला जिना उतरायचे आणि मॅडम चढायच्या, एवढीच सहा वर्षांची ओळख. एकाच कॉलेजात असून त्या दोघांनी एकमेकांना बसलेलं असं त्या शनिवारीच पहिल्यांदा बघितलं.

बैठक संपल्यावर मॅडम त्यांच्यापाशी आल्या. "सर, सांगून या हं तुमी. बुधवारी नायतर शुक्रवारी, बारा ते बारा-पन्नास. मी जरा तयारी करते."

"येतो की मॅडम. नक्की येतो."

"अजून कुणीच बसलं न्हाय माझ्या तासाला," त्या हसत म्हणाल्या. "भ्यावबी वाटतंय आन बरंबी."

सरांना हे अगदी आतून कळलं. पण बोलायची सवय मोडलेली, म्हणून ते नुसते हसले आणि एसटी गाठायला निघाले.

आता सरांनी तयारी काय केली ते ऐका. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला त्यांचा एक तास असायचा, समोच्च रेषांचा. नकाशावर त्या वेड्यावाकड्या, एकात एक काढलेल्या रेषा असतात ना, डोंगर केवढा उंच आणि कुठं चढाला कठीण ते सांगणाऱ्या, त्या. आता सोलापूरच्या पोरांनी डोंगर बघितलाय कुठं? चहूकडं परातीसारखं सपाट. तर सर एक मोठा बटाटा आणायचे, उभा अर्धा कापून टेबलावर पालथा घालायचे आणि म्हणायचे, हा तुमचा डोंगर. मग पट्टी लावून त्याच्या सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची. मोठी चकती, तिच्या आत लहान, तिच्या आत आणखी लहान. शेवटची चकती उचलली की कागदावर डोंगराचा नकाशा उतरलेला असायचा. त्या क्षणी वर्गातून "हांऽऽ" असा एक आवाज उठायचा. तो आवाज ऐकायला सर वर्षभर थांबायचे. हाच तास वळसंगकर सरांना दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं, आणि तसं फोनवर कळवलंही: 'विषय समोच्च रेषा. सोम-बुध-शुक्र, दहा-चाळीस. आपण याल त्या दिवशी घेतो.' उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र आलं.

सोमवारी सर बटाटा घेऊन गेले. वर्गात जरा आधी जाऊन मागचा बाक त्यांनी रुमालानं पुसला. पाय डुगडुगत होता, त्याखाली कागदाची घडी सारली. वळसंगकर सर आले नाहीत. सरांनी नकाशाचं प्रमाण शिकवलं. बुधवारी आले नाहीत. सरांनी पुन्हा नकाशाचं प्रमाणच शिकवलं, उदाहरणं बदलून. शुक्रवारी व्हरांड्यात बुटांचा आवाज आला तेव्हा सर वाक्याच्या मधेच थांबले, शर्टाची बाही सारखी केली. बूट पुढं निघून गेले.

"सर, समोच्च रेषा कधी घेणार?" ऋतुजा नावाच्या पोरीनं विचारलं. पहिल्या बाकावर बसायची, पुस्तक आधीच वाचून यायची.

"घेऊ की. पुढच्या तासाला."

भवानी पेठेत सरांच्या घरमालकीण जगदेवीबाई कडक भाकरीचा धंदा करायच्या. दारातच चूल, दारातच भाकरीची चळत, आणि दारातूनच येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी. सरांच्या हातातली पिशवी बघून त्यांनी विचारलं, "काय वो सर, आजबी बटाटा माघारी?"

"आज साहेबांना मीटिंग लागली."

"आणा हिकडं, रस्सा करते. तुमच्या सायबापायी आठवड्यात तीनदा बटाटाच चाललाय की आमचा." आणि मग भाकरी थापता थापता, "त्यो सायेब येऊन काय करणार म्हणं?"

"मागं बसून बघणार. मी कसा शिकवतो ते."

"आन मग? पर्मनंट करणार?"

"नाही हो. नुसतं बघणार."

जगदेवीबाईंनी सरांकडं नीट बघितलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. बाई तोंडाळ होती, पण कुठं थांबायचं ते तिला कळायचं.

इकडं जिन्यात वाघमोडे मॅडम भेटायच्या. "सर, या बुधवारी ना?" "या बुधवारी जमेल मॅडम." सर खोटं बोलत नव्हते. जायचं त्यांच्या मनात होतंच. पण मॅडमचा तास बाराला आणि एसटी सव्वाबाराला. ती चुकली की बार्शीचे दोन्ही तास बुडणार, आणि बुडालेल्या तासांचं स्पष्टीकरण तासिकेवरच्या माणसाला कुणी मागत नाही, सरळ दुसरा माणूस बघतात. तीन बुधवार आणि तीन शुक्रवार असेच गेले. जिन्यात मॅडमनं विचारणं सोडलं. नुसत्या मान हलवून वर जायच्या.

मग नोटीस आली, निरीक्षणाचे फॉर्म शनिवारपर्यंत जमा करावेत. शुक्रवारी दुपारी बार्शीच्या स्टँडवर, गाडीला वीस मिनिटं होती तेव्हा, सरांनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, माझं काही जमेना बघा. गाडीची भानगड हाय. मी येऊन गेलो असं धरू का? चांगलाच लिहितो."

पलीकडं मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, "बरं सर. चालतंय की."

सरांनी मांडीवर वही घेतली, वहीवर फॉर्म ठेवला आणि लिहिलं: 'मांडणी ओघवती. विद्यार्थी तल्लीन. फळ्याचा वापर नेटका. एकूण तास स्मरणीय.' तीन मिनिटं लागली. 'फळ्याचा वापर नेटका' हे वाक्य सुचल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं. उगाच मोघम स्तुती नको, काहीतरी नेमकं हवं. एवढ्या वर्षांत त्यांनी असे किती कागद भरले होते! न झालेल्या पालक-सभेचं इतिवृत्त, न निघालेल्या सहलीचा अहवाल. कागद पुरा झाला म्हणजे काम झालं, हे कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचा मागचा बाक पुसला होता आणि खिडकीशी उभं राहून व्हरांड्यात डोकावून बघितलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच दिवशी केल्या, आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

वळसंगकर सर डिसेंबरभर आले नाहीत. एकदा ऑफिसबाहेर भेटले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं आहे माझ्या डोक्यात." सरांनी समोच्च रेषा जानेवारीवर ढकलल्या. उंचसखलपणाची बाकीची प्रकरणं आधी घेतली, म्हणजे पाया नाही आणि भिंत चढवली. मुलं गोंधळली. सरांना ते दिसत होतं आणि टोचतही होतं, पण तो एक तास त्यांनी राखून ठेवला.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली, सुट्ट्या संपल्या, आणि प्रकल्पाच्या समारोपाचं बोलावणं आलं. तेच सभागृह, तीच नावाची कार्डं. या वेळी प्रत्येकाच्या जागेवर अहवालाची छापील पुस्तिका होती, गुळगुळीत कव्हरची. आता समारोपच आला म्हणजे आपला तास बघायचा राहून गेला, एवढं सरांना कळलं. वळसंगकर सर दिलगिरी व्यक्त करतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुस्तिका चाळली आणि पान चौदावर त्यांना आपलं नाव दिसलं.

'प्रा. शि. म. हत्तुरे. विषय: समोच्च रेषा. निरीक्षक: डॉ. दे. वळसंगकर. मांडणी ओघवती. विद्यार्थी तल्लीन. फळ्याचा वापर नेटका. एकूण तास स्मरणीय.'

पहिल्यांदा सरांना फक्त एवढंच जाणवलं की, जो तास अजून घेतलाच नाही तो स्मरणीय झाला. मग वाक्यं ओळखीची वाटली. मग त्यांनी पान उलटलं. पंधरावर वाघमोडे मॅडम होत्या. निरीक्षक: प्रा. हत्तुरे. खाली तीच चार वाक्यं, शब्दाला शब्द. सगळे फॉर्म वळसंगकर सरांच्याच टेबलावर जमा झालेले; घाईच्या माणसाला वरचा एक चांगला वाटला, त्यानं तो उतरवून घेतला. सरांची कानशिलं तापली. अकरा वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते शेवटी आले, आणि आले ते त्यांच्याच हातचे. तक्रार करावी तर कुणाची आणि कोणत्या तोंडानं?

व्यासपीठावरून उतरताना वळसंगकर सर त्यांच्यापाशी थांबले. "वाचलं का तुमचं पान? मनापासून लिहिलंय बरं का."

"छान लिहिलंय सर," हत्तुरे सर म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवर वाघमोडे मॅडम होत्या. त्यांच्या हातातही पुस्तिका होती, आणि बोट चौदा आणि पंधराच्या मधे होतं. त्यांनी एकदा हे पान बघितलं, एकदा ते. अर्थशास्त्राच्या होत्या, दोनात दोन मिळवायला वेळ लागला नाही.

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्याबी तासाला कुणी आलं न्हाय व्हय?"

सरांनी मान हलवली.

"मी तर तीन आठवडे मागचा बाक पुसत होते," मॅडम म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसलं असतं. त्या पुस्तिका पर्समध्ये ठेवून निघून गेल्या, आणि सर आपलं नाव लिहिलेल्या जागेवर हॉल रिकामा होईपर्यंत बसून राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. आपल्याला जे हवं होतं तेच दुसऱ्या माणसानं आपल्याकडं तोंड उघडून मागितलं होतं, आणि आपण ते स्टँडवर तीन मिनिटांत उरकलं होतं.

बुधवारी सरांनी बार्शीला ताप आल्याचं कळवलं. साडेअकराला तास संपल्यावर ते जिना उतरले नाहीत. बाराला तीन मिनिटं असताना ते दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले. मॅडमनी त्यांना बघितलं. हातातला खडू तसाच राहिला. मग त्यांनी मागच्या बाकाकडं बोट केलं. सर जाऊन बसले. बाक धुळीनं भरलेला होता; आता तो कुणी पुसत नव्हतं.

दुसऱ्या मास्तराला शिकवताना सर पहिल्यांदाच बघत होते. मॅडम कांद्याच्या भावावरून मागणी-पुरवठा सांगत होत्या. सुरुवातीला आवाज जरा कापला, मग लागला. वर्गाच्या मागून वर्ग केवढा वेगळा दिसतो, याचं सरांना नवल वाटलं. पुढून नुसते चेहरे दिसतात. मागून सगळं दिसतं: कोण बाकाखाली फोन बघतंय, कोण शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतंय, कोणाचा पाय हलतोय. पन्नास मिनिटं त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

घंटा झाली, मुलं गेली. मॅडम मागं आल्या आणि पुढच्या बाकावर आडव्या बसल्या. "कसं झालं सर? खरं सांगा."

सरांनी तोंड उघडलं. "मांडणी..." ते म्हणाले, आणि थांबले. दुसरा शब्द येईना. ओघवती, तल्लीन, नेटका. आत तेवढंच होतं, आणि तेही वापरून झालेलं. आपल्याला कुणी कधी काही सांगितलं नाही, तर दुसऱ्याला काय आणि कसं सांगायचं हे येणार कुठून? मॅडम वाट बघत होत्या.

शेवटी ते म्हणाले, "खिडकीकडच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर, निळी ओढणी घेतलेली एक पोरगी होती बघा."

"श्रावणी. गरीब पोर हाय. बोलतच न्हाय कधी."

"तुमी फळ्याकडं वळला की ती हात वर करायची. पूर्ण न्हाय, खांद्यापर्यंत. तुमी वळून बघायच्या आत खाली घ्यायची. तीनदा केलं तिनं असं. पहिल्यांदा आलेख काढताना, मग..."

मॅडमचा चेहरा बदलला. "मी दर तासाला विचारते हो सर तिला. काई शंका? नाही मॅडम, म्हणती. सहा महिने झाले, नाही मॅडम."

मॅडम त्या तिसऱ्या बाकाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलं असतं सर? मी जन्मभर फळ्याकडंच तोंड करून ऱ्हायले असते की." डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "तुमचा तासबी मी बघितला असता. पण सकाळची शाळा सोडून कसं यायचं? सव्वाअकराशिवाय सुटका न्हाय माझी."

"असू द्या मॅडम," सर म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं. पण जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, आपण फळ्याकडं वळल्यावर पाठीमागं काय होतं, ते आपल्याला कोण सांगणार?

शुक्रवारी ते बटाटा घेऊन वर्गात गेले. कुणाची वाट बघितली नाही. डोंगर टेबलावर पालथा घातला, चकत्या केल्या, ऋतुजाला बोलावून पेन्सिल फिरवायला लावली. शेवटची चकती उचलल्यावर वर्गातून तो आवाज उठला, "हांऽऽ", दरवर्षीसारखाच. सर हसले. मग तोच नकाशा मोठा करून दाखवायला ते फळ्याकडं वळले.

दुसरी रेष अर्धी झाली आणि त्यांचा हात थांबला. पाठीमागं त्रेचाळीस मुलं होती. अकरा वर्षांत, दोन कॉलेजांत, अशी पाठ त्यांनी किती वेळा केली असेल? ते गर्रकन वळले.

एकही हात वर नव्हता. सगळे चेहरे शहाण्यासारखे समोर बघत होते. मागचा बाक रिकामा होता, पायाखाली त्यांनीच सारलेली कागदाची घडी तशीच होती.

"कुणी हात वर केला होता का आत्ता?"

"नाही सर," वर्ग एका आवाजात म्हणाला.

सरांनी पुन्हा फळ्याकडं तोंड केलं. अजून तीन रेषा काढायच्या राहिल्या होत्या. एकेक रेष काढून ते मागं वळून बघत होते, आणि दर वेळी वर्ग नुसता त्यांच्याकडं बघत होता.